स्कोपमधून किती रुंद दिसतं ते घरीच मोजा

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर झूम स्कोप (लांबचे प्राणी-पक्षी पाहायची दुर्बीण) घेऊन गेलं की एक त्रास ठरलेला, 60 पटीवर झूम केलं की काळविटांचा कळप कुठं गेला तेच सापडत नाही. कोणत्या झूमला किती रुंद दिसतं ते आधीच माहीत असलं की शोधाशोध वाचते.

रायफलच्या स्कोपला साधा भागाकार चालतो, 3 पटीला 100 यार्डावर 33 फूट दिसत असलं तर 9 पटीला साधारण 11. पण आपल्या 20 ते 60 पटीच्या स्कोपला तो हिशोब बसत नाही, जास्त झूमला भागाकारापेक्षा बरंच जास्त दिसतं, त्यामुळं मोजलेलंच बरं.

1. भिंतीवर मोजायची टेप आडवी चिकटवा, भिंतीपासून बरोबर 20 मीटर अंतरावर स्कोप स्टँडवर लावा.
2. 20, 40, 60 ला या कडेपासून त्या कडेपर्यंत किती सेंटीमीटर दिसतात ते लिहा.
3. त्याला 50 नं गुणा, झाली 1 किलोमीटरवरची रुंदी. 70 सेंटीमीटर आले तर 35 मीटर.

आकडे कागदावर लिहून स्कोपलाच चिकटवून टाका, माळावर उन्हात कोण आठवत बसणार.

फक्त, चष्मा असला तर आयकप (डोळा लावतो तिथली रबरी कड) खाली करून मोजा, नाहीतर कडा कापली जाते आणि आकडा कमी येतो.