‘डाउट’ वापरताना या चुका टाळा, नाहीतर ‘हो’चं ‘नाही’ होतं

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर मी काही वर्षं पत्रव्यवहार बघायचो, म्हणजे बाहेरच्या देशातल्या पार्टीला मेल टाकायचे, कागद पाठवायचे वगैरे. एकदा एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस झाला आणि माल भरताना राजापुरी जातीच्या हळदीची थोडी पोती भिजल्यासारखी वाटली. तोवर गाडी निघून गेलेली. शेठ म्हणाले, "त्यास्नी कळीव की, शेवटच्या पन्नास पोत्यांत वल असल असा डाउट हाय म्हणून." मी लगेच टाइप केलं, ‘वी डाउट द मॉइश्चर इज हाय इन द लास्ट फिफ्टी बॅग्ज.’ समोरून दुबईहून उत्तर आलं, ‘गुड टू नो, थँक्स.’ मला वाटलं किती समजूतदार माणूस आहे. त्यानं ती पोती गोडाऊनमध्ये सगळ्यात खाली लावली, वर बाकीची थप्पी, आणि महिनाभरानं हळकुंडांना बुरशी आल्याचे फोटो आले. पैसे बिलातनं कापून घेतले ते वेगळंच. शेठनी मेल दाखवायला लावला, तोही इंग्रजी जाणणाऱ्या एका गिऱ्हाईकाला, आणि तो माणूस हसायलाच लागला, म्हणाला तुम्ही तर लिहिलंय की ओलावा जास्त असेल असं आम्हाला वाटत नाही!

तर ही पहिली आणि सगळ्यात महागातली चूक. मराठीत आपण ‘मला शंका आहे की त्यानंच पैसे घेतले’ म्हणतो तेव्हा आपलं मत ‘घेतले असावेत’ याच बाजूला झुकलेलं असतं. इंग्रजीतलं ‘डाउट’ उलट्या बाजूला झुकतं. ‘आय डाउट ही टूक द मनी’ म्हणजे त्यानं पैसे घेतले असतील असं मला नाही वाटत. आपल्याला म्हणायचंय त्यासाठी शब्द आहे ‘सस्पेक्ट’, म्हणजे ‘आय सस्पेक्ट ही टूक द मनी’. कोणी नुसतं ‘आय डाउट इट’ म्हणालं तर सरळ ‘मला नाही वाटत’ असं समजायचं. मी आता एकच करतो, लिहायच्या आधी मराठीत वाक्य म्हणून बघतो, शेवट ‘असावं’नं होतोय का ‘वाटत नाही’नं. ‘असावं’ आलं तर सस्पेक्ट, ‘वाटत नाही’ आलं तरच डाउट.

यात अजून एक फसगत आहे, ‘आय डाउट ही विल नॉट कम’. बस चुकली असेल आणि आता तो काय येत नाही असं सांगायला आपले लोक हे वाक्य बिनधास्त वापरतात, पण डाउटमध्ये एक ‘नाही’ आधीच लपलेलं आहे, त्यात वर नॉट घातलं की दोन नाही मिळून ‘येईल’ होतं. सरळ ‘आय डाउट ही विल कम’ म्हणा, म्हणजे येईलसं वाटत नाही.

आता आपल्यालाच एकट्याला दोष नको. चारशे वर्षांपूर्वी, शेक्सपियरच्या काळात, खुद्द इंग्रज लोकही ‘असं असावं अशी भीती वाटते’ या अर्थानं डाउट म्हणायचे. तो अर्थ पुढं नेहमीच्या इंग्रजीतून मागं पडला. त्यामुळं आपला शेठ तसा शेक्सपियरच्या लाइनमध्येच होता, फक्त दुबईवाला नव्हता.

घोळ वाढवायला आपला पेपरही मदत करतो. एकाच प्रकरणात आधी लिहिलेलं असतं, ‘संशयिताला ताब्यात घेतलं’, आणि पुढं कधीतरी ‘संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता’. दोन्हीकडं संशयच, पण पहिला संशय म्हणजे सस्पिशन, यानंच केलं असावं हा, आणि दुसरा संशय म्हणजे डाउट, यानं केलं असेलच असं म्हणता येत नाही हा. कोर्टातलं ‘बियॉन्ड रीझनेबल डाउट’ तेच. गुन्हा सिद्ध झालाय यावर वाजवी शंका उरली की आरोपी सुटतो, ‘बेनिफिट ऑफ द डाउट’ घेऊन. क्रिकेटमध्येही अंपायरला नक्की कळलं नाही तर बॅट्समनला देतो तो हाच फायदा. मराठीत एकच शब्द दोन्ही कामाला जुंपलाय, म्हणून डिक्शनरीत ‘संशय’ बघून वाक्य बनवू नका, फसाल.

क्लासमधला डाउट ही वेगळी भानगड. सांगलीच्या विश्रामबागेत कुठल्याही क्लासच्या बाहेर उभं राहा, ‘सर एक डाउट आहे’, ‘डाउट सेशन कधी आहे’ हेच ऐकू येणार. भारतात हे इतकं रुळलंय की त्याला चूक म्हणायला माझी जीभ वळत नाही, इथं बिनधास्त म्हणा. पण इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं की त्याला वाटू शकतं, याला माझं बोलणं पटलेलं नाही. एखादी मुलगी पुण्यात कंपनीत लागली, ऑनलाइन मीटिंगमध्ये तिकडच्या मॅनेजरला ‘सर आय हॅव अ डाउट’ म्हणाली, तर तो बिचारा आपला मुद्दा पुन्हा पटवून द्यायला लागणार आणि हिला विचारायचं होतं की फाईल कुठं सेव्ह करायची. तिथं ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणायचं, मेलमध्ये जरा औपचारिक हवं असेल तर ‘क्वेरी’. ‘प्लीज क्लिअर माय डाउट’च्या जागी ‘कुड यू एक्स्प्लेन धिस’ बास झालं.

‘नो डाउट’ हा शब्द आपण ‘शंभर टक्के’ म्हणून ठोकतो. इंग्रजीत तो बऱ्याचदा त्यापेक्षा मऊ असतो, ‘बहुतेक’, ‘असणारच की’ असा. ‘यू आर नो डाउट टायर्ड’ म्हणजे दमला असशीलच. खरंच छातीठोक सांगायचं असेल तर ‘देअर इज नो डाउट’ किंवा ‘विदाउट अ डाउट’. एका शब्दात हवं असेल तर ‘अनडाउटेडली’ म्हणा. ‘अनडाउटली’ म्हणू नका, तसा शब्दच नाही.

‘डाउटफुल’ माणूस, हे पण जपून. ‘तो जरा डाउटफुल आहे’ म्हणजे आपल्याकडं त्याच्यावर विश्वास ठेवू नका असं. इंग्रजीत ‘ही इज डाउटफुल’ म्हटलं तर त्यालाच कशाची तरी खात्री नाही असाही अर्थ निघतो, आणि खेळाडूबद्दल असेल तर तो मॅच खेळायची शक्यता कमी. भरवशाचा नाही म्हणायला ‘ड्युबियस’ किंवा बोलीत ‘शेडी’ आहे. डाउटफुलचा खरा अर्थ कुणाला पक्का कळलेला असेल तर तो बँकेतल्या लोकांना. थकलेल्या कर्जाचे तीन वर्ग असतात, सबस्टँडर्ड, डाउटफुल आणि लॉस. खातं १२ महिने सबस्टँडर्डमध्ये राहिलं की डाउटफुलमध्ये जातं. तिथं डाउटफुल म्हणजे पूर्ण वसुली होईलसं वाटत नाही. बघा, परत ‘वाटत नाही’च.

बारक्या चुका पटकन सांगतो. ‘आय ॲम डाउटिंग’ सहसा नाही म्हणत, ‘आय डाउट’. ‘डाउट ऑन हिम’ नको. त्याच्या बोलण्यावर विश्वास नसेल तर ‘आय डाउट हिम’, त्यानं काहीतरी केलंय असं वाटत असेल तर ‘आय सस्पेक्ट हिम’. ‘आय डाउट’च्या पुढं ‘इफ’ किंवा ‘वेदर’ (whether) लावता येतं, पण ‘आय डोन्ट डाउट’ असं नकारार्थी असेल तर ‘दॅट’ लावा.

समानार्थी शब्द पाठ करण्यापेक्षा मराठी वाक्प्रचाराला जोडा. मनात पाल चुकचुकली की ‘मिसगिव्हिंग’. हो-नाही करत कां-कू करणं म्हणजे ‘हेजिटेशन’. खात्री नसणं ‘अनसर्टन्टी’. आणि दर गोष्टीला ‘बघू, पटलं तर’ म्हणणारा माणूस, जो प्रत्येक गावात एक असतोच, तो ‘स्केप्टिक’.

स्पेलिंगमधला बी बोलायचा नाही, डाउट एवढंच. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हताच. पुढं विद्वान मंडळींनी लॅटिन ‘दुबितारे’शी नातं दाखवायला तो घुसडला, ‘डेट’ म्हणजे कर्जातल्या बीचीही तीच कथा. त्या लॅटिन शब्दाच्या मुळाशी ‘दोन’ आहे, आपल्या दुविधेत आहे तोच.

पेढीवरचं म्हणाल, तर शेठनी त्यानंतर मेलमधून डाउट आणि सस्पेक्ट दोन्ही काढूनच टाकले. पोत्यात ओल वाटली की आता एवढंच जातं, ‘मॉइश्चर सीम्स हाय इन फिफ्टी बॅग्ज, प्लीज ओपन अँड ड्राय देम फर्स्ट.’