ठेल्याच्या परवान्याचं नूतनीकरण: अर्ज अडतो तो जागेच्या रकान्यात

आधार, फोटो, जुनं विक्री प्रमाणपत्र (ठेल्याचा परवाना म्हणतो तो हाच), ओळखपत्र आणि पासबुकाची झेरॉक्स तुमच्या पिशवीत आहे असं धरून चालतो. आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडला असेल तर तो आधी सुरू करा.

मुदत कधी संपते ते प्रमाणपत्रावरच पाहा आणि ती संपायच्या आत अर्ज द्या. ‘मुदत संपली की बोलावतील’ असं सांगणारे नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, ढिगानं भेटतात, त्यांच्या भरवशावर राहू नका.

अर्ज जुन्या प्रमाणपत्रावर ज्या कार्यालयाचा शिक्का आहे तिथं द्यायचा. नागपुरात महापालिकेचे दहा झोन आहेत. घर आशीनगरला आणि ठेला धरमपेठेत असेल तर घराजवळचं झोन ऑफिस सोयीचं वाटतं, पण इथं प्रश्न ठेल्याच्या जागेचा आहे. शुल्क कार्यालयातच भरा आणि पावती घ्या. ठेल्यावर येऊन ‘भाऊ, तुमचं मी करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला चहा पाजायला हरकत नाही, पण मूळ प्रमाणपत्र त्याच्या हातात देऊ नका.

इथवर सगळं सोपं आहे. खरी गोची जागेच्या पडताळणीत होते.

अर्जावरची जागा आणि प्रत्यक्ष ठेला जुळतो का, हे पाहायला माणूस येतो. तो येतो ऑफिसच्या वेळेत. तर्री-पोह्यांचा ठेला तोवर आवरलेला असतो, चाट-पाणीपुरीचा अजून लागायचा असतो, आणि मे महिन्यात भर दुपारी रस्त्यावर कोण उभा राहतो? मग कागदावर शेरा पडतो, ‘जागेवर आढळले नाही’. मीही याच पायरीवर अडकलो होतो, आणि एकदा पडलेला हा शेरा काढायला अख्ख्या अर्जापेक्षा जास्त घाम गाळावा लागतो. म्हणून विक्रीची वेळ अर्जातच लिहा: ‘सकाळी ६ ते १०, या वेळेतच पाहणी व्हावी ही विनंती.’ छापील फॉर्मात तसा रकाना नसला तर वेगळा साधा कागद जोडा आणि त्याचाही उल्लेख पोचेवर करून घ्या.

दुसरी गोष्ट जागेच्या वर्णनाची. ‘व्हेरायटी चौकाजवळ’ हा रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता झाला. ‘कडुनिंबाखाली’ लिहिलं आणि पावसाळ्यात झाड पडलं की तुमची जागाही गेली. शेजारच्या दुकानाचं नाव लिहू नका, दुकानं बदलतात. विजेच्या खांबावरचा नंबर, मागच्या भिंतीवरचा घर क्रमांक, आणि कोपऱ्यापासून किती फूट, अशा किमान दोन खुणा द्या. एकच देऊ नका, कारण सिमेंट रस्त्याच्या कामात खांबसुद्धा हलतात. फोटो काढताना तुम्ही, ठेला आणि खांबावरचा नंबर एकाच चौकटीत आले पाहिजेत. नंबर पुसट असेल तर फडक्यानं पुसून घ्या. नुसत्या ठेल्याचा जवळून काढलेला फोटो काही कामाचा नाही, ठेले सगळे सारखेच दिसतात.

रस्त्याच्या किंवा मेट्रोच्या कामामुळे ठेला सरकला असेल तर ते लपवू नका. मूळ जागा कोणती, आता कुठं उभे आहात आणि का सरकावं लागलं, हे तीन ओळींत लिहा. न सांगता नवी जागा टाकली की तो नूतनीकरणाचा अर्ज राहत नाही, नव्या जागेची मागणी ठरू शकते.

तिसरं म्हणजे पाहणीच्या वेळी ठेल्यावर कोण आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार धंदा स्वतः किंवा घरच्या माणसानं करायचा असतो. प्रमाणपत्र भाड्यानं देता येत नाही. बायको किंवा मुलगा बसत असेल तर त्यांची नावं अर्जात आधीच द्या. गावाकडून आलेल्या ओळखीच्या पोराला त्या दिवशी एकटं बसवू नका. तो ‘मालक नाहीत’ म्हणाला की जागा भाड्यानं दिल्याचा संशय येतो, आणि अटी मोडल्या तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. रद्द करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं मात्र कायद्यानं बंधनकारक आहे.

जुन्या पावत्या म्हणजे तुमची साक्ष. बाजाराची पावती, अतिक्रमणवाल्यांनी फाडलेली दंडाची पावती, माल उचलल्यावरची यादी, काहीच फेकू नका. तारखेसकट तुम्ही तिथं होतात हे त्यातून दिसतं. मशिनमधून निघणारी गुळगुळीत पावती मात्र नागपूरच्या उन्हात गल्ल्यात पडून कोरी होते. मिळाली त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

अर्ज दिल्यावर आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मूळ पोच घरी, झेरॉक्स ठेल्यावर.

प्रकरण लोंबकळत राहिलं तर रोज जाऊन ‘झालं का?’ विचारण्यानं फाईल हलत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज टाका: १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. विचारायचं एवढंच, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली आणि पाहणीचा अहवाल काय आहे, त्याची प्रत द्या. उत्तराची मुदत ३० दिवस. नूतनीकरणाला नकार असेल तर तो लेखी मागा. तोंडी नकारावर पुढं दाद मागणं अवघड जातं.

खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या नोंदणीचा, कागद दाखवून पथविक्रीचं प्रमाणपत्र नवं होत नाही.

नवं प्रमाणपत्र हातात पडलं की खिडकीपाशीच वाचा. नाव आधारसारखंच आहे का, जागेच्या खुणा उतरल्या का, आणि मुख्य म्हणजे प्रकार कोणता पडला आहे. एका जागी उभा राहणारा विक्रेता ‘फिरता’ म्हणून नोंदला गेला तर ठरावीक जागेवरचा त्याचा हक्क कागदावर उरत नाही. चूक दिसली तर तिथंच दुरुस्तीचा अर्ज लिहा, त्याचीही पोच घ्या, आणि मगच ठेला लावायला जा.