रात्रभर चालणाऱ्या रिले रेसला टीममधे जाताय? तयारी अशी करा

"टीममधे एक जागा रिकामी आहे, येतोस का?" असा मेसेज आला की आपण लगेच हो म्हणून टाकतो. प्रत्येकाच्या वाट्याचं एकूण अंतर हाफ मॅरेथॉनपेक्षा (21 किलोमीटर) पाच-सहा किलोमीटरच जास्त असतं, पण ते तीन तुकड्यांत पळायचं असतं, मधे तासन्‌तास व्हॅनमधे बसून, आणि त्यातला एक तुकडा तरी बहुतेक वेळा अंधारात येतो. म्हणून सराव करायचा तो थांबून पुन्हा पळायचा.

1. आधी गणित मांडा

अमेरिकेत 1982 पासून होणारी हूड टू कोस्ट घ्या, बाकी बऱ्याच रेसेसचा साचा तोच आहे: 12 जण, सहा-सहा जणांच्या दोन व्हॅन, 36 टप्पे, सुमारे 320 किलोमीटर. एका वेळी एकच जण पळतो, आधी एका व्हॅनमधले सहा, मग दुसरीतले सहा, असं तीनदा. म्हणजे माणशी साधारण 27 किलोमीटर. टीमचा सरासरी पेस किलोमीटरला 6 मिनिटं धरला तर सगळ्याला 32 तास लागतात. तुम्ही पहिले पळणारे असाल आणि सकाळी 6 ला सुटलात तर दुसरी पाळी संध्याकाळी पावणेपाचच्या आसपास येते आणि तिसरी पहाटे सव्वातीनच्या पुढे. स्वतःच्या क्रमांकासाठी हा हिशोब करून बघा, मग सराव कुठल्या वेळी करायचा ते आपोआप कळेल.

कॅप्टनला पेस सांगताना अलीकडच्या 10 किलोमीटरचा खरा टाइम सांगा. आहे त्यापेक्षा वेगवान सांगितला तर सगळं वेळापत्रक चुकतं आणि पुढचा माणूस थंडीत उभा राहतो. टप्पे वाटताना नुसतं अंतर बघू नका, चढ-उतारही बघा, लांब उतार सोपा वाटतो पण मांड्या भरून येतात आणि अजून दोनदा पळायचं बाकी असतं.

2. सराव

नियमित पळत असाल तर सहा ते आठ आठवडे पुरतात. त्यात दोन किंवा तीन वीकेंड असे काढा: शुक्रवारी संध्याकाळी 8 किलोमीटर, शनिवारी उजाडायच्या आत 8, परत शनिवारी संध्याकाळी 5. दर आठवड्याला हे करू नका, दुखापत होते. मला यातून सगळ्यात जास्त फायदा झाला तो एका गोष्टीचा, आखडलेल्या पायांनी पहिला दीड किलोमीटर फार जड जातो आणि नंतर पाय मोकळे होतात हे अंगवळणी पडलं. हे माहीत नसेल तर तिसऱ्या पाळीला माणूस घाबरतो, वाटतं आता काही खरं नाही, आणि खरं तर फक्त सुरुवात हळू करायची असते.

एकदा तरी हेडलँप लावून अंधारात पळा. पट्टा सैल असेल तर उजेड नाचतो आणि खड्डे दिसत नाहीत.

3. बॅग

प्रत्येक पाळीसाठी एक झिपवाली पिशवी, त्यात टीशर्ट, शॉर्ट्स, मोजे, वर 1, 2, 3 लिहायचं. पळून आलं की लगेच कोरडे कपडे घालायचे आणि घामाचे त्याच पिशवीत बंद करायचे, सहा जणांच्या व्हॅनमधे याची किंमत कळते. बुटांचा दुसरा जोड, जांघेत घासू नये म्हणून व्हॅसलीन, हेडलँपच्या जादा बॅटऱ्या, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, पाठीला लावायचा लुकलुकणारा दिवा. रात्री व्हॅनमधून खाली उतरणाऱ्यांनीही जॅकेट घालावं, गाड्यांचा धोका त्यांनाही तेवढाच असतो. वेळापत्रक कागदावर छापून घ्या, नेटवर्क जातं.

4. खाणं आणि झोप

पळून आल्यावर तासाभरात खा, केळं, ब्रेड, बटाटा असं साधं, आणि पुढच्या पाळीच्या दोन तास आधी पोट भरून खाणं बंद. सरावात न खाल्लेलं काहीही नको. कॉफीतलं कॅफीन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं, तेव्हा झोपेची वेळ बघूनच प्या. पेनकिलर घेऊन पळू नका, इबुप्रोफेनसारख्या गोळ्या आणि पाण्याची कमतरता एकत्र आली की किडनीवर ताण येतो.

दुसऱ्या व्हॅनमधले सहा जण पळत असतात ते पाच तास तुमचे, पण गाडीने पुढे जाणं, जेवण, टॉयलेटची रांग यात निम्मे जातात. उरलेल्यात गप्पा नकोत, डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे आणि आडवं व्हायचं. झोप नाही लागली तरी पडून राहा. आधीच्या तीन-चार रात्री मात्र पुरेपूर झोपून घ्या.

5. गाडी कोण चालवणार

हे आधीच ठरवा, शक्यतो न पळणारा ड्रायव्हर घ्या. सलग 17-19 तास जागा असलेल्या माणसाचं लक्ष दारू प्यायलेल्यासारखं ढळतं हे संशोधनात दिसलंय, आणि इथे तर तो पळूनही आलेला असतो. रेस संपली की सगळ्यांना घरी पोचायची घाई असते, पण तिथेच जवळपास एक रात्र मुक्काम आधीच बुक करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी निघा.