गाडी ऑईल खायलीय? इंजिन खोलायच्या आधी घाटात बघा

जुनी पद्मिनी नाहीतर अ‍ॅम्बेसेडर ऑईल खायली (म्हणजे इंजिन ऑईल सारखं कमी व्हायलं) की लगेच इंजिन खोलू नका, आधी एवढं करा.

१) रात्री इंजिनखाली पुठ्ठा टाका. सकाळी ऑईलचे डाग दिसले तर लीक आहे, गॅस्केट (जोडामधली पॅकिंग) आणि ऑईल सील बघा.

२) पुठ्ठा कोरडा असला तर गाडी बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या घाटात न्या आणि मागच्या गाडीतून कुणाला तरी धूर बघायला सांगा. उतार गिअरमध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरा, खाली आल्यावर दाबा, तेव्हा निळा धूर भपकन निघाला तर बहुतेक वॉल्व्हचे गाईड-सील (वॉल्व्हच्या दांडीवरून ऑईल आत जाऊ न देणारे) गेलेत, हे काम त्यामानानं स्वस्तातलं. चढावर सतत निळा धूर असला तर मात्र पिस्टनच्या रिंगा गेल्यात.

डिपस्टिकच्या (ऑईल मोजायच्या पट्टीच्या) वरच्या खुणेपुढं ऑईल भरू नका, जास्तीच्या ऑईलनंपण धूर येतो.