कोणाला किती पळवायचं? सरावाचा आठवडा आखण्याआधीची यादी

आधी एकूण किलोमीटरचा मोह सोडा. व्यावसायिक फुटबॉल सामन्यात गोलकीपर सोडून बाकीचे साधारण 10 ते 12 किलोमीटर कापतात, पण त्यातलं बरंचसं चालणं आणि हलकं धावणं असतं. मधला मिडफिल्डर अंतरात बहुधा सगळ्यांच्या पुढे, म्हणून सरावातही त्यालाच सर्वांत जास्त दामटवलं जातं. तक्त्यात तासाला 19.8 किलोमीटरच्या वरची धाव आणि 25.2 च्या वरची स्प्रिंट, म्हणजे जवळपास पूर्ण वेगाची धाव, असे दोन स्वतंत्र रकाने करा, म्हणजे खरा भार कडेने खेळणाऱ्यांवर, म्हणजे विंगर (हल्ल्यातला) आणि फुल बॅक (बचावातला) यांच्यावर पडतो हे लगेच दिसेल.

आकडे घेण्याआधी यंत्रं तपासा. धाव मोजणारं, पाठीवर व्हेस्टमध्ये बसवायचं जीपीएस प्रत्येकाला नेहमी तेच द्या, कारण दोन यंत्रांची मोजणी तंतोतंत जुळत नाही. ती उघड्यावर दहा-पंधरा मिनिटं आधी चालू करा. व्हेस्ट ढिलं असेल तर यंत्र पाठीवर हिंदकळतं आणि न झालेले वेगबदल नोंदवतं. नोंदीतून मध्यंतर कापायचं विसरलात, तर मिनिटामागच्या अंतराची सरासरी खोटी पडते. तसंही ती 110-120 मीटरच्या आसपास दिसते आणि सामन्यातलं सर्वांत कठीण मिनिट त्याच्या दीडपटीहून जड असतं; तयारी त्या मिनिटाची हवी.

आता मैदान. 40 बाय 30 मीटरमध्ये पाच विरुद्ध पाच खेळवलं की थांबणं, वळणं, पुन्हा सुटणं भरपूर होतं. मिडफिल्डरचं त्यात बरंचसं भागतं, विंगरचं नाही. पूर्ण वेग पकडायला जागाच नसते. आठवडाभर असंच चाललं, तर सामन्यातल्या पहिल्या लांब धावेत मांडीचा मागचा स्नायू धरतो. म्हणून फुल बॅक आणि विंगरसाठी मध्यरेषेपासून पेनल्टी बॉक्सच्या रेषेपर्यंत शंकू लावा. 105 मीटरच्या मैदानात हे अंतर 36 मीटर भरतं. थोड्या वळणाने पूर्ण वेगात जाणं, शेवटी क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर चेंडू टाकणं, आणि चालत परत. पाच-सहा फेऱ्या, मध्ये किमान एक मिनिट विश्रांती. ती कापली की वेगाचा सराव दमाचा होऊन बसतो. हे वॉर्म-अपनंतर लगेच घ्या, सामन्याच्या तीन-चार दिवस आधी. आदल्या दिवशी अजिबात नको.

सेंटर बॅकचं, म्हणजे मधल्या बचावपटूचं, अंतर कमी भरतं, तरी त्याला स्प्रिंटमधून सूट देऊ नका. पाठीमागे टाकलेल्या एका चेंडूमागे त्याला गर्रकन वळून 40 मीटर पळावं लागतं, म्हणून त्याची सुरुवात उलट्या पावलांनी करून घ्या. स्ट्रायकरला गोलकडे पाठ करून उभं करा आणि 5 ते 15 मीटरचे झटके द्या. गोलकीपरला छोट्या धावा पुरतात.

शेवटी राखीव खेळाडूंची नावं वेगळी लिहून ठेवा. वीस मिनिटं खेळलेल्याचा वेगवान धावेचा रकाना रिकामाच राहतो. तो रकाना सामना संपल्यावर त्याच मैदानात किंवा दुसऱ्या दिवशी भरून घ्या.