जोडवी रुतलेली दिसली की थांबा

भंडारा जिल्ह्यात वॉर्डात पंचवीस वर्षं काढली. नवीन सिस्टर हृदयाची तपासणी म्हटलं की बीपीचं मशीन ओढून आणतात. मी आधी पांघरूण वर करून पावलं बघते. जोडवी बोटात रुतलेली दिसली की विचारते, "मावशी, कधीपासून घट्ट व्हायला लागली?" "पोळ्यापासून," असं उत्तर आलं की सूज कधीची ते कळतं.

सूज बघताना घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठ्याने पाच सेकंद दाबून धरा. खड्डा पडतो का, भरायला किती वेळ लागतो, दोन्ही पायांवर बघा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पायात मात्र पाणी दिसेलच असं नाही, ते माकडहाडाजवळ उतरतं. हे मी चूक करून शिकले. धाप लागलेल्या एका आजींच्या कागदावर मी पाय बघून 'सूज नाही' लिहिलं होतं. संध्याकाळी त्यांना कुशीवर वळवलं, तर कमरेखाली माझी चार बोटं उमटली. तेव्हापासून पाठ बघितल्याशिवाय मी ते दोन शब्द लिहीत नाही.

दोन्ही पाय सारखे सुजलेत, आडवं झालं की दम लागतो, उशा वाढवाव्या लागतात, तर हृदयाचा संशय घ्या. रोज सकाळी त्याच काट्यावर वजन करा. एकच पाय अचानक सुजला, पोटरी गरम आणि दुखरी असली, तर शिरेत गुठळी असू शकते. नातेवाईक तेलाची बाटली घेऊन बसतात, त्यांना चोळू देऊ नका. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्या टेपने मोजा. ३ सेंमीहून जास्त फरक असला तर डॉक्टरांना लगेच बोलवा.

आमच्या पूर्व विदर्भात हत्तीरोगही असतो. डासावाटे शिरलेले जंत लसिकावाहिन्यांत, म्हणजे अंगातलं जादा पाणी (लसिका) वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, राहतात आणि त्या निकामी करतात. या सुजेतही सुरुवातीला खड्डा पडतो, म्हणून फसायला होतं. अशा वेळी जोडवी घालतात त्याच बोटाच्या मुळाशी वरची कातडी चिमटीत धरून बघा. धरताच आली नाही तर सूज लसिकेची समजा, आली तरी ती नाहीच असं धरू नका. जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, आहे का, तेही विचारा. गाठ तीन बोटांच्या पेरांनी हळू गोल फिरवत चाचपायची, दोन्ही बाजूंना. दुखरी आणि सरकणारी गाठ बहुतेक वेळा जंतुसंसर्गाची असते. टणक, न दुखणारी, जागेला चिकटलेली आढळली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. भाताच्या रोवणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्या उघडून चिखल्या बघा. जंतू तिथूनच शिरतात आणि थंडी वाजून ताप येतो. साबणाने धुऊन बेचक्या कोरड्या कशा करायच्या ते रुग्णाकडून करवून घ्या, नुसतं सांगू नका.

पायाची नाडी पावलाच्या पाठीवर चाचपा. काही धडधाकट माणसांत ती तिथे लागत नाही, मग आतल्या घोट्याच्या मागे शोधा. सापडली की पेनाने खूण करा, रात्रपाळीची सिस्टर दुवा देईल. मधुमेही असेल तर हे टाळूच नका. मानेच्या दोन्ही नाड्या एकाच वेळी कधीही दाबायच्या नाहीत.

मनगटाची नाडी अनियमित लागली तर पूर्ण एक मिनिट मोजा. त्याच मिनिटाला दुसऱ्या सिस्टरने डाव्या छातीवर, पाचव्या आणि सहाव्या फासळीच्या मधे स्टेथोस्कोप ठेवून ठोके मोजावेत. छातीवर ११२ आणि मनगटाला ९४ आले, तर १८ ठोके हातापर्यंत पोचत नाहीयेत. दोन्ही आकडे लिहा.

कागदावर नुसतं 'पायाला सूज' लिहू नका. असं लिहा: उजवी पोटरी ३५ सेंमी, डावी ३१, उजवी गरम, दाबल्यावर दुखते, दोन्ही पावलांची नाडी लागते, दुपारी ४.१० ला डॉक्टरांना कळवलं.