रिव्होक करूनही कॉलम बदलत होते: पोस्टग्रेसमधला उपाय

जळगावात केळी व्यापाऱ्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर आम्ही पाच जण सांभाळतो. डेटाबेस एक (पोस्टग्रेस), लॉगिनही एकच. रावेरच्या गाड्या भरताना बिलावर 'कॉलम डझ नॉट एक्झिस्ट' (असा रकानाच नाही) यायचं. कोणीतरी 'वजन'चं 'निव्वळ_वजन' केलेलं असायचं.

पासवर्ड बदलला, ग्रुपवर ताकीद दिली, हक्क काढून घेणारी 'रिव्होक' कमांड चालवली. फरक शून्य. जीव मेटाकुटीला आला होता.

मेख अशी की पोस्टग्रेसमध्ये टेबल बदलण्याचा (ऑल्टर) आणि काढून टाकण्याचा (ड्रॉप) हक्क मालकीसोबत येतो, तो रिव्होकने जात नाही; आणि टेबलांची मालकी त्याच लॉगिनकडे होती.

आधी लॉगिन नसलेला 'मालक' रोल (हक्क धरणारं खातं) बनवला. मग एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही, अशा टप्प्यात) 'रिअसाइन ओन्ड' या मालकी बदलणाऱ्या कमांडने सगळी टेबलं त्याच्याकडे दिली आणि त्यानंतरच जुन्या लॉगिनला सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट आणि सिक्वेन्सवर (आपोआप क्रमांक देणारा भाग) यूसेज, म्हणजे वापरायचा हक्क, दिलं. ग्रँट (हक्क देणं) आधी केलं तर मालकी बदलताना तेही मालकाकडे जातं, आणि ॲप बंद पडतं. आवृत्ती १५ च्या आधीची असल्याने पब्लिक स्कीमावरचं (टेबलं ठेवायची सामायिक जागा) क्रिएट, म्हणजे नवं टेबल बनवायचा हक्क, सगळ्यांकडून काढलं. प्रत्येकाला तेवढ्याच हक्कांचं स्वतंत्र लॉगिन दिलं. नव्या टेबलांवरही हेच हक्क आपोआप मिळावेत म्हणून 'ऑल्टर डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस' मालकाच्या नावाने लावलं.

आता बदल फक्त मायग्रेशन फाइलने (रचनाबदलाच्या कमांड लिहिलेली फाइल) होतो: दुसऱ्याने वाचायची, मग 'मालक'चं सदस्य असलेल्या एकाच लॉगिनने 'सेट रोल' करून, म्हणजे 'मालक' बनून, चालवायची. 'लॉग_स्टेटमेंट' 'डीडीएल'वर ठेवलंय, म्हणजे रचना बदलणाऱ्या कमांडची नोंद राहते.